रोमिंगचा त्रिकोण लुकलुकतो, कॉल लागत नाही: भारतातल्या सीडीएमए फोनचं परदेशात नेमकं कुठे अडलं

साल २००५ धरा. पुण्यातल्या एका घरातून दोघे भाऊ परदेशी निघाले आहेत. थोरला नोकरीसाठी दुबईला, धाकटा प्रोजेक्टवर न्यू जर्सीला. जीएसएम आणि सीडीएमए या मोबाइल जाळ्याच्या दोन वेगळ्या पद्धती. थोरल्याकडे जीएसएमचा फोन आहे, ९०० आणि १८०० मेगाहर्ट्झ अशा दोन बँडचा, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या दोन पट्ट्यांचा. धाकट्याकडे सीडीएमएचा, ८०० बँडचा, सेवा देणाऱ्या कंपनीनेच हप्त्यावर दिलेला. दोघांनी बिल भरलंय, रोमिंगबद्दल दुकानात विचारलंय. दुबईत उतरल्यावर मिनिटाभरात थोरल्याच्या स्क्रीनवर तिथल्या कंपनीचं नाव येतं आणि आईने लावलेला फोन त्याच्या पुण्याच्याच नंबरवर वाजतो. धाकट्याच्या स्क्रीनवर काहीच येत नाही. कधी एखाद्या गावात रोमिंगची खूण लुकलुकते, पण कॉल तरीही लागत नाही.

आता दोघांची तिकिटं अदलाबदल करा. धाकटा दुबईला गेला असता तर रोमिंगची खूणही दिसली नसती, कारण तिथे सगळी सेवा जीएसएमवर होती. पण थोरला न्यू जर्सीला गेला असता तर त्याचाही फोन मुका राहिला असता. अमेरिकेत जीएसएम होतं, पण ८५० आणि १९०० बँडवर, आणि त्याच्या हँडसेटला ते बँड ऐकूच येत नव्हते. दोघे टोकियोला गेले असते तर दोन्ही फोन सारखेच निरुपयोगी.

‘जीएसएम जगभर चालतं, सीडीएमए चालत नाही’ हे त्या काळचं दुकानातलं वाक्य या तीन ठिकाणांपैकी एकाच ठिकाणाला पूर्ण लागू पडतं. खरं कारण समजून घ्यायचं तर रोमिंगची साखळी कडी-कडीने उलगडावी लागते. भारतातलं सीडीएमए प्रकरण त्यासाठी उत्तम आहे, कारण दोन्ही पद्धती इथे एकाच देशात, एकाच शहरात, पुष्कळदा एकाच गच्चीवर पंधरा वर्षं नांदल्या.

दोन पद्धती इथे आल्या कशा

युरोपात १९८२ साली जीएसएमची समिती बसली तेव्हाच सीमा ओलांडली तरी फोन चालला पाहिजे ही अट होती. १९८७ साली कोपेनहेगनला तेरा देशांच्या कंपन्यांनी करार केला, १९९१ च्या १ जुलैला फिनलंडमध्ये पहिला व्यावसायिक कॉल झाला आणि १९९२ मध्ये फिनलंड आणि ब्रिटनमधल्या दोन कंपन्यांत पहिला रोमिंग करार झाला. सगळी मांडणीच परक्या देशातल्या पाहुण्याला गृहीत धरून होती.

सीडीएमएचा उगम वेगळ्या गरजेतून. अमेरिकेत आधीचं ॲनालॉग जाळं गच्च भरलं होतं आणि त्याच फ्रिक्वेन्सीत जास्त माणसं बसवायची होती. सॅन डिएगोच्या क्वालकॉमने मांडलेली ही पद्धत १९९३ मध्ये प्रमाण म्हणून मान्य झाली, १९९५ मध्ये हाँगकाँगला आणि १९९६ च्या सुरुवातीला दक्षिण कोरियात सुरू झाली. ग्राहकाचा क्रमांक, नोंदणीची रीत, हिशेबाची फाइल हे सगळं तिला जुन्या अमेरिकी जाळ्याकडून वारशाने मिळालं. त्या वारशाची किंमत पुढे धाकट्या भावाने मोजली.

भारताने मोबाइलचे पहिले परवाने फक्त जीएसएमसाठी दिले. ३१ जुलै १९९५ ला कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना केलेला पहिला कॉल जीएसएमवरचाच. १९९९ च्या दूरसंचार धोरणाने ‘कुठलंही तंत्र चालेल’ अशी भूमिका घेतली. सीडीएमए मात्र मागच्या दाराने आलं. लँडलाइनच्या परवानाधारकांना घरापर्यंत तार ओढण्याऐवजी शेवटचा टप्पा बिनतारी करायची मुभा होती, आणि २००१ मध्ये त्या बिनतारी फोनला मर्यादित फिरण्याची परवानगी मिळाली. मर्यादा म्हणजे ‘एसडीसीए’, साधारण तालुक्याएवढा टेलिफोनचा स्थानिक विभाग. देशात असे सुमारे २,६०० विभाग. नियमाप्रमाणे पुण्याचा फोन ०२० च्या हद्दीत चालायचा. लोणावळा ०२११४ मध्ये, म्हणजे परका मुलूख. परदेश राहू दे, खंडाळ्याचा घाट उतरायच्या आधीच रोमिंगचा प्रश्न उभा होता.

महाराष्ट्र-गोव्यासाठी लँडलाइनचा परवाना असलेली ह्यूजेस टेलिकॉम टाटांकडे आली आणि टाटा टेलिसर्व्हिसेस (महाराष्ट्र) झाली. मुंबई-दिल्लीत एमटीएनएलची ‘गरुड’ सेवा होती. डिसेंबर २००२ च्या अखेरीस रिलायन्स इन्फोकॉम उतरली आणि २००३ च्या पावसाळ्यात ५०१ रुपयांत हँडसेट हातात देणारी तिची योजना आली. तिचं मुख्य केंद्र नवी मुंबईत कोपरखैरण्याला. जीएसएम कंपन्यांनी कोर्टकचेरी केली: आम्ही मोबाइलचा परवाना पैसे मोजून घेतला, हे लँडलाइनच्या परवान्यावर मोबाइल विकतात. नोव्हेंबर २००३ मध्ये एकत्रित परवाना आला, फरकाची फी भरून सीडीएमएला पूर्ण फिरण्याची मोकळीक मिळाली आणि देशांतर्गत प्रश्न मिटला. परदेशचा तसाच राहिला.

सीडीएमएची बाजू कमकुवत होती असं मुळीच नाही. सुरुवातीला जीएसएम कंपनीला जाण्या-येण्याचे (फोनकडून टॉवरकडे आणि टॉवरकडून फोनकडे) प्रत्येकी ४.४ मेगाहर्ट्झ मिळत, सीडीएमएला २.५. जीएसएमचा एक चॅनेल २०० किलोहर्ट्झचा, म्हणजे ४.४ मध्ये २२ चॅनेल. शेजारच्या टॉवरवर तोच चॅनेल वापरता येत नाही म्हणून चार टॉवर, प्रत्येकाच्या तीन दिशा, अशा बारा वाट्यांत ते वाटायचे. एका दिशेला जेमतेम दोन चॅनेल. एका चॅनेलवर वेळेचे आठ खाने, दोन चॅनेल म्हणजे सोळा, त्यातले एक-दोन नियंत्रणासाठी. एका वेळी चौदा कॉल. सीडीएमएचा कॅरियर, म्हणजे तिकडचा चॅनेल, १.२५ मेगाहर्ट्झचा, आणि तोच कॅरियर प्रत्येक टॉवरवर, प्रत्येक दिशेला पुन्हा वापरता येतो, कारण बोलणारे कोडने वेगळे ओळखले जातात. कोड ६४, त्यातले काही टॉवरच्या स्वतःच्या कामाला, आणि उरलेले संपण्याआधी बहुधा टॉवरची पॉवर संपते. तरीही कमी फ्रिक्वेन्सीत जास्त कॉल बसत. स्वस्त दर त्यातूनच आले. रेडिओच्या कसोटीवर सीडीएमए त्या वेळी सरस होतं, हे जीएसएमच्या बाजूच्या इंजिनिअरांनीही नंतर मान्य केलं: तिसऱ्या पिढीचं युरोपी तंत्र कोडवर आधारित, ५ मेगाहर्ट्झ रुंदीचं सीडीएमएच आहे.

बँड: सगळ्यात सोपी अडचण

धाकट्याच्या फोनचा बँड अमेरिकेशी जुळत होता, ही या प्रकरणातली बहुतेकांना चकवणारी गोष्ट. भारतात सीडीएमएला दिलेले ८२४ ते ८४४ आणि ८६९ ते ८८९ मेगाहर्ट्झ हे अमेरिकेच्या मूळ सेल्युलर बँडमधलेच. तिथली एक मोठी सीडीएमए कंपनी पुष्कळ भागांत याच बँडवर होती. दुसरी फक्त १९०० वर, आणि तिचं जाळं ८०० च्या एकबँडी हँडसेटला दिसणं शक्य नव्हतं. म्हणून न्यू जर्सीत एका गावात रोमिंगची खूण, शेजारच्या गावात नाही.

जपानचा धडा याहून बोलका. तिथे सीडीएमए होतं, ८०० च्या बँडवरही होतं. पण जपानने जाण्या-येण्याची दिशा उलटी ठेवली होती: बाकी जगात फोन खालच्या फ्रिक्वेन्सीवर बोलतो आणि टॉवर वरच्या, तिथे फोन वरच्या आणि टॉवर खालच्या. पद्धत तीच, बँडचा आकडा तोच, आणि भारतीय किंवा कोरियन हँडसेट ठार बहिरा. ही उलटी मांडणी मोडून सरळ करायला जपानला २०१२ उजाडलं.

बँडची अडचण पैशाने सुटते. दोन बँडचा फोन तीन बँडचा झाला, मग चार बँडचा, आणि थोरल्या भावाचा अमेरिकेतला प्रश्न संपला. धाकट्याचा संपला नाही.

ओळख कुणाची: माणसाची की यंत्राची

थोरल्याच्या फोनमधून सिमकार्ड काढलं तर उरतो तो नुसता रेडिओ. ओळख कार्डात असते: पंधरा आकड्यांचा आयएमएसआय, सुरुवातीचे तीन आकडे देशाचे (भारताचे ४०४ आणि ४०५), पुढचे कंपनीचे. सोबत १२८ बिटांची गुप्त किल्ली, जी कार्डाबाहेर कधीच पडत नाही. दुबईतला टॉवर हवेत आपला देश आणि कंपनी सतत सांगत असतो. फोन ते ऐकतो, कार्डातली मनाई यादी बघतो, आणि आपला आयएमएसआय देऊन नोंदणी मागतो.

पुढचं काम फोनच्या मागे घडतं. दुबईचं एक्स्चेंज आयएमएसआयचे पहिले आकडे बघून ओळखतं की पाहुणा भारतातला, अमुक कंपनीचा. त्या आकड्यांवरून पत्ता बनवून आंतरराष्ट्रीय सिग्नलिंगच्या, म्हणजे एक्स्चेंजांच्या आपसातल्या निरोपांच्या, जाळ्यातून घरच्या नोंदवहीला, म्हणजे एचएलआरला विचारणा जाते. घरून उत्तरादाखल तयार त्रिकूट येतं: १२८ बिटांची एक यादृच्छिक संख्या, तिचं अपेक्षित ३२ बिटी उत्तर, आणि बोलणं गुप्त ठेवण्याची ६४ बिटी किल्ली. दुबई ती संख्या फोनकडे पाठवते, कार्ड आपल्या गुप्त किल्लीने उत्तर काढतं, दोन्ही उत्तरं जुळली की पाहुणा खरा. गुप्त किल्ली दुबईला कळत नाही, तरी खातरजमा पुरी होते. मग घरची नोंदवही ‘हा आता दुबईत’ असं लिहून घेते, जुन्या ठिकाणची नोंद रद्द करते आणि ग्राहकाला कुठल्या सेवा द्यायच्या ते दुबईला कळवते. सगळा प्रकार काही सेकंदांचा.

आईचा फोन याच नोंदीमुळे लागतो. ती पुण्याहून नेहमीचा नंबर फिरवते. कॉल आधी घरच्या कंपनीच्या एक्स्चेंजला जातो, ते नोंदवहीला विचारतं, नोंदवही दुबईला विचारते, आणि दुबई आपल्याकडचा एक तात्पुरता नंबर त्या कॉलपुरता देते. पुणे ते दुबई हा तुकडा त्या तात्पुरत्या नंबरवर जोडला जातो. आईने स्थानिक कॉल केला, म्हणून तिला स्थानिक दर. आंतरराष्ट्रीय तुकड्याचे पैसे मुलाला. रोमिंगमध्ये इनकमिंगलाही पैसे का लागतात, याचं हे साधं उत्तर.

धाकट्याच्या फोनमध्ये कार्डच नाही. यंत्राचा ३२ बिटी अनुक्रमांक कारखान्यात भरलेला, ग्राहकाचा दहा आकडी ओळखक्रमांक आणि ६४ बिटांची गुप्त किल्ली हँडसेटच्याच मेमरीत. फोन बदलायचा तर कंपनीच्या दुकानात जाऊन नव्या यंत्राची नोंद करून घ्यायची. कंपनीच्या यादीत नसलेला फोन कितीही चांगला असला तरी चालू होत नसे. गल्फमधून आणलेला फोन, मित्राचा जुना फोन, दुरुस्तीला टाकताना दुकानदाराने दिलेला बदली फोन: जीएसएमवाल्याच्या रोजच्या सोयी सीडीएमएवाल्याला नव्हत्या.

त्या दहा आकडी क्रमांकात आणखी एक खोट होती. तो अमेरिकेच्या दहा आकडी टेलिफोन नंबराच्या धर्तीवर बेतलेला, त्यात देशाचा कोडच नाही. अमेरिकेबाहेरच्या कंपनीने आपल्या सोयीने दहा आकडे वाटले की ते तिथल्या कुणाच्या तरी क्रमांकाशी टक्कर घेणार, आणि न्यू जर्सीचं एक्स्चेंज पुण्याच्या पाहुण्याला टेक्साससारख्या कुठल्यातरी राज्यातला माणूस समजून भलतीकडे विचारणा करणार. यावर तोडगा म्हणून आंतरराष्ट्रीय रोमिंगसाठी ० किंवा १ ने सुरू होणाऱ्या क्रमांकांच्या वेगळ्या माळा राखून ठेवल्या आणि आयफास्ट या मंचामार्फत त्या देशोदेशी वाटल्या, कारण अमेरिकी नंबर ० किंवा १ ने सुरू होत नाहीत. तोडगा चालतो, पण ज्या ग्राहकाचा क्रमांक आधीच दुसऱ्या माळेतला आहे त्याचा हँडसेट परत प्रोग्रॅम करावा लागतो.

तिसरी गोष्ट म्हणजे ‘पीआरएल’, पसंतीच्या जाळ्यांची यादी. सीडीएमए फोन समोर दिसेल त्या जाळ्यावर जात नाही. कोणत्या बँडवर, कोणत्या चॅनेलवर, कोणत्या क्रमाने कुणाला शोधायचं हे त्या यादीत लिहिलेलं असतं. ज्या कंपनीचा क्रमांक यादीत नाही तिचा टॉवर समोरच्या खांबावर असला तरी फोन तिला हात लावत नाही. घरच्या कंपनीने मार्चमध्ये नवा करार केला आणि ग्राहकाच्या फोनमधली यादी जानेवारीतली असली, तर करार कागदावर राहतो. म्हणून परदेशी निघण्याआधी घरच्याच जाळ्यात असताना यादी ताजी करून घेणं हे सीडीएमए ग्राहकासाठी पासपोर्टइतकंच महत्त्वाचं होतं. एकदा विमान उडालं की उशीर झाला.

सिग्नलिंग आणि पैशांचा हिशेब

जीएसएमची एक्स्चेंजं आपसात एक भाषा बोलतात, सीडीएमएची दुसरी. कामं सारखीच: नोंदणी, खातरजमा, तात्पुरता नंबर. पण निरोपांची रचना वेगळी, सांकेतिक गणित वेगळं. त्रिकुटासारखी साधी देवघेव इकडे नाही. गुप्त किल्लीपासून १२८ बिटांचं सामाईक गुपित बनवून ते जपावं लागतं. दोन्हींच्या मध्ये दुभाषी यंत्र बसवता येतं आणि काही कंपन्यांनी ते बसवलंही, पण दुभाषी आला की प्रत्येक नव्या सेवेचं भाषांतर आलं, आणि प्रत्येक भाषांतरात काहीतरी सांडतं. व्हॉइसमेलचा निरोप, कॉलरचा नंबर, मिस्ड कॉलची सूचना या गोष्टी सगळ्यात आधी गळतात.

हिशेबात तर घोडं आणखीच पेंड खात होतं. जीएसएम कंपन्या पाहुण्यांच्या वापराची नोंद ‘टॅप’ नावाच्या ठरलेल्या फाइलमध्ये करतात, क्लिअरिंग हाउसमार्फत एकमेकींना पाठवतात, आणि दर नाणेनिधीच्या एसडीआर या हिशेबी चलनात लावतात. सीडीएमएच्या फाइलचा साचा वेगळा, नाव ‘सायबर’. करार झाला तरी आधी दोन्ही बाजूंनी एकमेकींकडे चाचणीची सिमकार्डं किंवा हँडसेट पाठवायचे, ठरलेल्या यादीप्रमाणे कॉल, एसएमएस, कॉल फॉरवर्ड करून बघायचे, मग त्याच कॉलची बिलाची फाइल सेकंदासकट जुळवायची, आणि मगच सेवा सुरू. एका करारामागे आठवडे जातात. जीएसएम कंपनीला शंभर देशांत एकच साचा पुरतो. सीडीएमए कंपनीला वेगळा साचा, वेगळी चाचणी, आणि शेवटी हाती लागणार मूठभर देश: अमेरिका, कॅनडा, कोरिया, आणखी काही. कोकणातून, मुंबईतून जाणारा माणूस बहुतकरून आखातात जाणारा. तिथे या खटाटोपाचा काही उपयोग नव्हता. धंद्याच्या दृष्टीने कंपन्यांनी त्यावर जोर न देणं समजण्यासारखं आहे.

गच्चीवरचा शेजार

दोन खंडांच्या फ्रिक्वेन्सी योजना एकाच देशात घेतल्या की काय होतं, हे भारताइतकं स्पष्ट क्वचितच दिसलं असेल. सीडीएमएचा टॉवर ८८९ मेगाहर्ट्झपर्यंत ओरडतो. जीएसएमचा टॉवर ८९० पासून ऐकतो. मध्ये फक्त १ मेगाहर्ट्झ. सीडीएमए कॅरियरची पॉवर २० वॅट, म्हणजे ४३ डीबीएम (पॉवरचं डेसिबलमधलं माप). जीएसएम टॉवरने ऐकायचा दूरच्या फोनचा आवाज उणे १०४ डीबीएम. फरक १४७ डेसिबल, साध्या भाषेत सुमारे पाच कोटी कोटी पट. दोन्ही अँटेना एकाच गच्चीवर समोरासमोर.

लक्षण फसवं असतं. जीएसएम ग्राहकाच्या फोनवर रेंज पूर्ण दिसते, कारण टॉवरचा आवाज त्याला नीट येतो. पण त्याचा आवाज टॉवरला पोचत नाही. कॉल लागत नाही, लागला तर समोरचा ‘हॅलो हॅलो’ करत राहतो. कारणं दोन, आणि उपायही दोन ठिकाणी. सीडीएमएच्या ट्रान्समीटरमधून ८९० च्या पुढे सांडणारा कचरा थांबवायचा तर फिल्टर सीडीएमएच्या बाजूलाच लागतो. जीएसएमवाल्याने कितीही फिल्टर लावले तरी तो कचरा त्याच्याच चॅनेलमध्ये पडतो, गाळता येत नाही. दुसरीकडे, ८८९ खालच्या कायदेशीर पण जबरदस्त आवाजाने जीएसएमच्या रिसीव्हरचे कान बधिर होत असतील तर फिल्टर जीएसएमच्या बाजूला हवा. पुष्कळ भांडणं एवढ्यावरूनच चिघळली की प्रत्येक जण दुसऱ्याने फिल्टर लावावा म्हणत होता, आणि दोघांनाही लावायचे होते. अँटेना शेजारी-शेजारी न ठेवता एकाच्या डोक्यावर दुसरी अशी उभ्या अंतराने लावली तर फिल्टरशिवायही मोठा फरक पडतो. आणि युरोपात जीएसएमला मिळालेला ८८० ते ८९० हा जादा पट्टा भारतात कधी वापरता आला नाही, तो तर थेट सीडीएमएच्या अंगावर होता.

चुकलं कुठे

‘एकच तंत्र सक्तीचं करायला हवं होतं’ हा निष्कर्ष आम्हाला पटत नाही. सीडीएमए आलं नसतं तर कॉलचे दर इतक्या लवकर उतरले नसते. चूक सरकारने तंत्र मोकळं सोडण्यात नव्हती. ग्राहकाची ओळख हँडसेटमधून सुटी करायला न लावण्यात होती.

याला पुरावा शेजारी आहे. चायना युनिकॉमने जानेवारी २००२ मध्ये सीडीएमए सुरू केलं तेच सुट्या कार्डावर. सिमसारखंच दिसणारं ‘आर-यूआयएम’ कार्ड. त्यात सीडीएमएची ओळख असते आणि त्याच चिपवर जीएसएमची ओळखही ठेवता येते. अशा कार्डाचा माणूस दुबईत उतरला की कार्ड काढतो, भाड्याच्या किंवा दुसऱ्या जीएसएम हँडसेटमध्ये घालतो, आणि घरच्या कंपनीच्याच बिलावर बोलतो. या व्यवसायात याला ‘प्लॅस्टिक रोमिंग’ म्हणतात, कारण सीमा ओलांडतं ते फक्त प्लॅस्टिकचं कार्ड. पुढे दोन्ही रेडिओ असलेले हँडसेट आले आणि कार्ड काढायचंही कारण उरलं नाही.

भारतात कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालणाऱ्या खुल्या सीडीएमए हँडसेटची मोहीम २००८ च्या सुमारास सुरू झाली. तोवर गाडी सुटली होती. नोकियाने २००६ मध्येच सीडीएमए हँडसेट बनवणं सोडायचं जाहीर केलं होतं. ऑक्टोबर २००७ मध्ये सरकारने सीडीएमए कंपन्यांना त्याच परवान्यावर जीएसएम चालवायला मोकळीक दिली आणि २००९ पर्यंत दोन्ही मोठ्या कंपन्या जीएसएममध्ये उतरल्या. जानेवारी २०११ मध्ये नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर झाली. नंबर सुटा झाला, ओळख सुटी झाली. सीडीएमए सोडणाऱ्याला फक्त जुना हँडसेट टाकून द्यावा लागे.

तोच बँड, नवी अडचण

तंत्रांची लढाई चौथ्या पिढीत मिटली. अमेरिकेतल्या मोठ्या सीडीएमए कंपनीने २००७ मध्ये एलटीई, म्हणजे आपण ज्याला फोरजी म्हणतो ते, निवडलं, क्वालकॉमने २००८ मध्ये आपला पर्याय गुंडाळला. भारतात ज्या ८०० च्या बँडवर धाकट्याचा फोन बोलायचा, त्याच फ्रिक्वेन्सीवर २०१६ पासून जिओचं एलटीई धावतं आहे. पद्धत एक, कार्ड सुटं, सिग्नलिंगची भाषा सामाईक. धाकटा आज न्यू जर्सीला उतरला तर इंटरनेट मिनिटाभरात सुरू होतं.

आणि तरी त्याचा नंबर वाजेलच असं नाही. एलटीईत आवाजासाठी वेगळी वाट नाही. आवाज म्हणजेही डेटाच. पूर्वी पाहुण्याचा कॉल आला की जाळं त्याला खाली थ्रीजी किंवा टूजीवर उतरवायचं. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं, जपानमध्येही ते टप्प्याटप्प्याने बंद होत गेलं, आणि उतरायची पायरीच काढली गेली. आता कॉल व्होल्टीवरच, म्हणजे एलटीईवरून जाणाऱ्या आवाजाच्या सेवेवरच, व्हायला हवा. त्यासाठी तीन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात. दोन कंपन्यांमध्ये व्होल्टी रोमिंगचा करार, जो डेटा रोमिंगच्या कराराहून वेगळा असतो. आवाजाचे पॅकेट परत घरच्या देशातल्या यंत्रणेपर्यंत नेण्याची सोय, कारण सध्याच्या प्रचलित पद्धतीत कॉल घरीच जोडला जातो. आणि हँडसेटच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या जोडीसाठी व्होल्टी चालू असणं. हे तिसरं कलम म्हणजे जुन्या पीआरएलचाच नवा अवतार: बँड, करार, कार्ड सगळं ठीक, पण फोनमधल्या यादीत नाव नाही म्हणून कॉल नाही.

म्हणून निघण्याआधी ‘रोमिंग चालू आहे ना’ एवढं विचारून भागत नाही. अमुक देशात, अमुक कंपनीच्या जाळ्यावर, माझ्या या मॉडेलवर व्होल्टी कॉल येतो का, असं विचारावं. फोनचं सॉफ्टवेअर घरच्या वायफायवर अद्ययावत करावं. वायफाय कॉलिंग इथेच चालू करून एक कॉल करून बघावा, आणि परदेशातून ते चालवायला कंपनीची परवानगी आहे का, दर काय, हेही विचारावं. बँकेचा ओटीपी येतो म्हणून कॉलही येतील असं समजू नये: एसएमएस एलटीईच्या नियंत्रण वाहिनीवरून येऊ शकतो, त्याला व्होल्टी लागतंच असं नाही. आणीबाणीच्या कॉलचं गणित तर आणखी वेगळं. नेहमीचा व्होल्टी कॉल घरच्या देशातून जोडला जातो, पण ९११ चा कॉल पुण्याला जाऊन उपयोग नाही, तो तिथल्याच यंत्रणेने पकडायला हवा. त्यासाठी फोनला त्या जाळ्याची आणीबाणीच्या व्होल्टी कॉलची पद्धत येत असली पाहिजे. ती येते का, हे रेंजच्या काड्या बघून कळत नाही.